हाताने नाव लिहिलेली कॅसेट भंगारात देऊ नका

श्रावणात कानबाई यायच्या आधी खानदेशातलं घरन्‌घर झाडून निघतं. भिंतींना रंग लागतो, माळ्यावरचं सामान अंगणात येतं आणि दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्याला हाक जाते. मोडक्या खुर्च्या, फुटके डबे आणि त्यांच्यासोबत बुटांच्या खोक्यात भरलेल्या जुन्या कॅसेट. सिनेमाच्या गाण्यांच्या विकतच्या कॅसेट द्यायच्या तर खुशाल द्या, ती गाणी कुठेही मिळतील. पण जिच्यावर कुणी बॉलपेनने गावाचं नाव लिहिलंय, ‘जत्रा’, ‘जागरण’ किंवा ‘आजीची गाणी’ एवढंच लिहिलंय, ती कॅसेट हातची जाऊ देऊ नका. तिची दुसरी प्रत बहुधा कुठेच नाही.

टू-इन-वन घरोघर आला तेव्हा आपल्याकडच्या हौशी माणसांनी काय काय टिपलं याची मोजदाद कुणी केलेली नाही. कानबाईच्या रात्रीची गाणी, आखाजीच्या झोक्यावरची गाणी, गुलाबाईची गाणी, डफावरचं वहीगायन, साक्रीकडच्या डोंगऱ्या देवाची पावरी. आणि तमाशा! धोंडू-कोंडू पाटील किंवा आनंदराव महाजन जळगावकर यांच्यासारखे फड गावात उतरले की कुणीतरी पोरगं टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन थेट पुढे जाऊन बसायचं.

अशी एक कॅसेट मी ऐकली आहे. सुरुवातीला नुसता जनरेटर घुमतो. मग हलगी-ढोलकी, गण, गवळण. बतावणी सुरू झाली की सोंगाड्या मराठी सोडून अहिराणीत शिरतो, त्याच गावातल्या पाण्याच्या टाकीवरून टोमणा मारतो आणि हशा एवढा उसळतो की पुढची दोन वाक्यं ऐकूच येत नाहीत. मागून एक बाई लेकराला दामटते. वग रंगात येतो तेवढ्यात टेप संपते. दुसरी बाजू लावेपर्यंत जे झालं ते कायमचं गेलं.

ही बतावणी कुठल्या वहीत लिहिलेली नसते. ती त्या रात्री, त्या लोकांसमोर, त्यांच्याच हशातून घडते. छापील वग मिळेल एखादा, पण सोंगाड्याने कुठे श्वास घेतला आणि पब्लिक कुठे फुटलं हे कागदावर उतरत नाही. म्हणून स्टुडिओतल्या स्वच्छ ध्वनिमुद्रणापेक्षा ही खरखरणारी कॅसेट मला मोलाची वाटते.

जॅझच्या दर्दी लोकांना हे फार आधी कळलं. डीन बेनेडेटी नावाचा एक सॅक्सोफोनवादक 1947-48 मध्ये चार्ली पार्करच्या मागे यंत्र घेऊन क्लबांतून हिंडला आणि पार्करचं वादन टिपत राहिला. तो गेला, ती मुद्रणं हरवली असंच लोक धरून चालले होते. पण ती त्याच्या भावाकडे निघाली आणि 1990 मध्ये मोझेक कंपनीने ती प्रसिद्ध केली. थेलोनियस मंक आणि जॉन कोल्ट्रेन यांची 1957 ची कार्नेगी हॉलमधली मैफल ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या रेडिओने मुद्रित केली होती. ती टेप 2005 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली, त्याच वर्षी बाजारात आली आणि जगभरच्या संग्राहकांनी ती डोक्यावर घेतली. हौशी माणसाचं घर आणि रेडिओचं कपाट या दोन जागी ठेवा सापडला. या दोन्ही जागा आपल्याकडेही आहेत. जळगावचं आकाशवाणी केंद्र 1976 पासून आहे.

आणि जपणूक हा काही खानदेशाला परका विषय नाही. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून रामदासी बाडं गोळा केली, ती धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात सुखरूप आहेत. इतिहासाचार्य राजवाडे 1926 मध्ये गेले, तर त्यांचे कागद वाऱ्यावर न सोडता धुळेकरांनी संशोधन मंडळ उभं केलं. असोद्याच्या बहिणाबाईंच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी आणि पितांबर चौधरींनी टिपून ठेवल्या म्हणून 1952 मध्ये त्यांचं पुस्तक निघू शकलं. शब्द वाचले, पण त्यांची चाल, त्यांचा सूर आपल्यापाशी नाही. त्यानंतरच्या बायकांचा आवाज मात्र टेपवर आहे. तो आपल्या हाताने भंगारात घालणं अक्षम्य आहे.

वेळ थोडा आहे. कॅसेटची फीत केसाहूनही पातळ. आपल्याकडचा मे महिन्यातला उन्हाळा आणि नंतरची पावसाळी दमट हवा तिला सोसत नाही. चिकट होते, बुरशी धरते. त्याहून मोठी अडचण यंत्रांची आहे. टेप वाजवणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे कारागीर संपत चालले म्हणून युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने 2019 मध्येच इशारा दिला होता. त्यात 2025 च्या सुमाराची मुदत सांगितली होती. ती आता सरली.

तेव्हा आधी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन प्लॅस्टिकच्या खिट्ट्या मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणकाराला दाखवा. बाकीच्या कॅसेट चांगल्या डेकवर, हेड पुसून, एकदाच नीट वाजवा आणि संगणकावर वेव्ह फाइलमध्ये उतरवा. एमपीथ्रीमध्ये आवाज छाटला जातो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटं द्यावीच लागतात, घाई चालत नाही. प्रती दोन करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. मूळ कॅसेटही ठेवा.

सगळ्यात निकडीचं काम म्हणजे नावं. कोण गातंय, ढोलकीवर कोण, गाव कुठलं, साल कुठलं, हे सांगणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना शेजारी बसवून ऐकवा आणि लिहून घ्या. कलावंत किंवा त्यांची मुलं हयात असतील तर पुढे कुणाला ऐकवण्याआधी त्यांची परवानगी घ्या, एक प्रत त्यांना द्या. फडावर आयुष्य घालवलेल्या बाईचा आवाज तिच्या नातवंडांपर्यंत पोचलाच पाहिजे.

जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जमवल्या. त्या आज ‘परी’ या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, कित्येक तर ऐकताही येतात. बहिणाबाईंचं नाव लावणाऱ्या आपल्या विद्यापीठाने खानदेशासाठी असं काम हाती घ्यावं. एक खोली, दोन चांगले डेक, एक जाणता तंत्रज्ञ आणि गावोगाव फिरणारे विद्यार्थी एवढ्यावर सुरुवात होते. आकाशवाणीने आपल्या जुन्या टेपांची यादी लोकांसमोर ठेवावी. आणि तुम्ही त्यांची वाट पाहत बसू नका. या रविवारी माळा उघडा, खोकं खाली काढा आणि प्रत्येक कॅसेटवर काय आहे ते घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला विचारून लिहायला घ्या.