बार्तीमयाला विचारलेला प्रश्न

नाताळच्या सुटीत एका सायंकाळी परिचयाचे एक ख्रिस्ती गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा आमच्याच शाळेतून बाहेर पडलेला. आता अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडिलांचा चेहरा उतरलेला होता. "सर, तुम्हीच याला चार शब्द सांगा. कॉलेज सोडतो म्हणतो." मुलाचे म्हणणे सरळ होते. देवाचा गौरव करा, दीनांची सेवा करा, असे मंडळीच्या तरुण संघात दर रविवारी ऐकायचे, गीते म्हणायची आणि घरी येऊन जेवायचे. हे किती दिवस चालायचे? त्यापेक्षा आताच एखाद्या खेड्यात जाऊन सेवेला लागावे.

मी ख्रिस्ती नव्हे, वारकऱ्याच्या घरातला. पाळकसाहेबांनी सांगायचे ते मी सांगणे अप्रस्तुत ठरले असते. मात्र मराठीच्या शिक्षकाला या प्रश्नाशी जन्मभर झुंजलेले एक घर ठाऊक असते. त्याच घराची हकीकत मी त्याला सांगितली.

पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले. भूक म्हणजे काय, हे या बाईंना ग्रंथांतून शिकावे लागले नव्हते. म्हणूनच १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुलींना आश्रय दिला. पुण्याजवळच्या केडगावी त्यांचे मुक्तिसदन उभे राहिले. त्यांच्या धर्मांतरावरून पुण्यात जे वादळ झाले ते येथे उकरून काढण्याचे कारण नाही. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. या मुलींना त्यांनी नुसते जेवू घालून ठेवले नाही. शिक्षण दिले, हाताला काम दिले. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणले. त्याच्या छपाईचे काम सदनातल्याच छापखान्यात झाले आणि तेथे राबणारे हात सदनातल्या स्त्रियांचे होते. ज्यांना कोणी दारात उभे केले नसते, त्यांनी एका धर्मग्रंथाचे खिळे जुळवावेत, यापेक्षा देवाचा अधिक गौरव तो कोणता, असे माझ्यासारख्या परक्यालाही वाटते.

आईचे नाव सर्वांना माहीत आहे. मुलीचे फारसे कोणी घेत नाही. आमच्या एम. ए.च्या वर्गातही मनोरमाबाईंचा उल्लेख एका ओळीत उरकला होता. त्यांचे वडील त्या लहानग्या असतानाच वारले. शिक्षण इंग्लंड-अमेरिकेत झाले. एवढी विद्या पदरी असताना सुखाचा संसार किंवा मानाची नोकरी त्यांना अवघड नव्हती. त्या परत आल्या आणि आईच्या कामाला लागल्या. सदनातल्या अंध स्त्रियांना त्यांनी ब्रेल लिपी शिकवली. पुढे त्या वेळच्या निजामी मुलखातील गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, शाळा निघाली, तिची जबाबदारीही त्यांनीच घेतली. १९२१ साली, चाळिशीतच, त्या गेल्या. आई त्यानंतर वर्षभरही राहिली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले.

"आता सांग," मी म्हणालो, "ब्रेल स्वतःला येत नसते, तर मनोरमाबाईंनी त्या अंध बायांना काय दिले असते? कणव. ती तर रस्त्यावरचा प्रत्येक जण देतो." मुलगा गप्प राहिला. वडिलांना बरे वाटलेले दिसले, म्हणून मी त्यांनाही ऐकवले की, मुलगा नुसती पदवी घेऊन पगाराला लागला, तर तेवढ्याने माझ्या बोलण्याचे चीज होणार नाही.

केडगावच्या अंध स्त्रियांच्या घराला बार्तीमी सदन असे नाव होते. त्यामागची मार्काच्या शुभवर्तमानातली गोष्ट त्या मुलाला अर्थातच माझ्याहून चांगली ठाऊक होती. वाटेवर बसलेला आंधळा बार्तीमय हाका मारतो, येशू थांबतो आणि त्याला आधी विचारतो की, मी तुझ्यासाठी काय करावे? आंधळ्याला काय हवे असणार, हे कोणालाही उघड दिसत होते. तरीही विचारले. आपण सेवा करू पाहणारे लोक नेमके हेच विसरतो. घोंगड्या वाटतो, फळे वाटतो, छायाचित्र काढतो.

आमच्या शाळेत दहावीला एक अंध मुलगी आहे. तिच्यासाठी तरुण संघातर्फे नाताळची भेट आणि छोटासा समारंभ करावा, असे मुलाने लगेच सुचवले. मी म्हटले, "अरे, आधी तिला विचार." शाळा उघडल्यावर तो आला, तिच्याशी बोलला. तिला समारंभ नको होता. इतिहासाचे धडे कोणी मोबाईलवर वाचून ठेवले तर हवे होते. आणि तेही सावकाश, नकाशा किंवा चित्र आले की ते न गाळता त्यात काय आहे ते सांगून.

कॉलेज चालू आहे. शनिवारी रात्री तो धडे वाचतो. कन्नडचे पुस्तक त्याच्या धाकट्या बहिणीने वाचायला घेतले आहे, कारण दोन पाने ऐकल्यावर त्या मुलीने स्पष्टच सांगितले, "दादा, तुमचे कन्नड अडखळते."