महोगनीची ऊब आणि गिटारचा ईएमआय

महोगनी म्हणजे ऊबदार, मेपल म्हणजे लख्ख, अ‍ॅल्डर म्हणजे समतोल. इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेल्या पोराला हे स्तोत्र इतक्या वेळा ऐकवतात की तो जास्तीचा ईएमआय निमूट कबूल करतो. माझं म्हणणं असं की हा नियम अकूस्टिक गिटारचा आहे आणि तो इलेक्ट्रिकच्या गळ्यात मारून आपला खिसा कापला जातोय.

अकूस्टिकमध्ये वरची पातळ फळी हवा हलवते, म्हणून तिथे लाकूड बोलतं. इलेक्ट्रिकमध्ये बोलतो तो पिकअप. चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, बस. गिटारची पोलादी तार थरथरली की त्या वेटोळ्यात वीज तयार होते. लाकूड तारेची थोडी ऊर्जा खातं, हे खरं. पण भरीव ठोकळ्यातला हा फरक इतका बारीक की स्क्रू फिरवून पिकअप जरा वरखाली केला तरी तो बुडून जातो. अँप आणि स्पीकर तर पुढेच. तुलनेच्या व्हिडिओंत लाकडाबरोबर पिकअप, तारा, वाजवणाऱ्याचा जोर, सगळंच बदललेलं असतं. असं टेस्टिंग मी ऑफिसात केलं तर माझा कोड कुणी मर्ज करणार नाही.

1940च्या सुमारास लेस पॉल यांनी पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा ताणल्या. गिटारसारखं दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना कापलेल्या गिटारचे अर्धे भाग जोडले. ब्रायन मे यांच्या घरी बनवलेल्या गिटारची मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची आहे. डॅनइलेक्ट्रोने तर हार्डबोर्डच्या गिटार विकल्या, आणि त्यातली एक जिमी पेजने वाजवली.

आकाराचं मात्र वेगळं. 1954च्या स्ट्रॅटोकास्टरची कड मागून तासली ती बरगड्यांना टोचू नये म्हणून. 1958ची फ्लाइंग व्ही बसून वाजवायला घ्या, मांडीवरून घसरते. आकारासाठी जरूर भांडा, तो तुमच्या पाठीचा प्रश्न आहे. (पोकळ बॉडी हा अपवाद. मोठ्या आवाजात ती फीडबॅक देऊ लागते.)

आणि फ्रेटबोर्डचं ते शिसव? आपल्या सह्याद्रीतही वाढणारं, सावकाश मोठं होणारं झाड. 2017मध्ये शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, तेव्हा फेंडरने मेक्सिकोतल्या अनेक मॉडेल्सवर पाउ फेरो हे दुसरंच लाकूड लावलं. तारा, पिकअप, अँप तेच. 2019मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली आणि शिसवाची जाहिरात पुन्हा सुरू झाली.