निर्मनुष्य किनाऱ्याची गोष्ट

कोकणातल्या लहानशा, महागड्या, समुद्राला लागून असलेल्या हॉटेलांविषयी लिहिताना आपल्या प्रवासलेखनाला ‘निवांत’, ‘अस्पर्श’ आणि ‘निर्मनुष्य’ या तीन विशेषणांपलीकडे जाववत नाही. पहिल्या दोहोंकडे दुर्लक्ष करता येईल. तिसरे मात्र धडधडीत खोटे आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून तिथल्या वाळूवर माणसे राबत आली आहेत. किनारा निर्मनुष्य नसतो, तो तसा करून विकला जातो.

त्या जिल्ह्यातल्या अशाच एका हॉटेलात आम्ही दोघे दोन रात्री राहिलो. मोजक्या खोल्या, मुलांना मज्जाव, बोलणेही दबक्या आवाजात. दुसऱ्या दिवशी पहाटे समोर रापण ओढली जात होती. होडीतून अर्धवर्तुळात सोडलेल्या जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरची माणसे मिळून ओढतात, आणि इतक्या हातांचा जोर एका वेळी लागायचा तर आरोळ्या द्याव्याच लागतात. न्याहारीच्या वेळी व्यवस्थापकाने आमच्याकडे येऊन या ‘गोंगाटा’बद्दल क्षमा मागितली. आणि आम्ही, सांगायला लाज वाटते, ‘असू द्या, चालायचंच’ म्हणून उदारपणे ती केलीही!

हा अधिकार आम्हांला कोणी दिला? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार भरतीच्या रेषेखालचा समुद्रतळ शासनाचा आहे. खोलीच्या भाड्यात तो येत नाही. तिथे पाहुणे आम्ही होतो आणि क्षमा यजमानांच्या वतीने, यजमानांना न विचारता मागितली जात होती.

यावर कोणी म्हणेल, जोडप्याला एकांत नको काय? हवाच. दीड खोलीत संसार केलेल्या मराठी जोडप्यांना त्याचे मोल सांगायला नको. परंतु मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर, शहराकडे पाठ करून बसलेली जोडपी शेकडो माणसांच्या गर्दीत तो मिळवतातच. इतरांनी आपल्याकडे पाहू नये, एवढीच एकांताची मागणी असते; इतर तिथे असूच नयेत, ही मालकीची मागणी झाली. ही हॉटेले पहिलीच्या नावाखाली दुसरी विकतात आणि आपले लेखन त्यांना विशेषणे पुरवते.

श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’मध्ये (१९५२) बापू आणि राधा यांचे नाते साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत, गावाशी झगडत उभे राहते. गाव वगळला तर त्या कादंबरीत काय उरेल? हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना विचारत आलो. आणि सुटी लागताच गाव वगळलेला किनारा आगाऊ पैसे भरून राखून ठेवला.