समुद्रात बुडी मारून परतणाऱ्यांस व त्यांच्या घरच्यांस जाहीर आवाहन

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतील तमाम नागरिकांस, आणि त्यांतही ज्यांची मुले-मुली दिवाळीच्या सुटीत मालवण-तारकर्लीस, गोव्यास किंवा अंदमानास जाऊन स्कूबाची बुडी मारून येतात त्या आईबापांस, हे आवाहन आहे. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी वाढलेल्या, पाठीला डबा बांधून विहिरीत पोहणे शिकलेल्या आपल्या पोरांना पाण्याचे भय नाही, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु विहिरीतील बुडी श्वास कोंडून मारलेली असते, आणि स्कूबाची बुडी पाण्याखाली दाबाची हवा घेत घेत मारलेली असते, व या एवढ्या भेदापोटी असा एक विकार संभवतो की ज्याचे नावही आपल्या घरांतून कोणाच्या कानावर आलेले नसते. त्यास डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. पाणबुडे त्यालाच ‘बेंड्स’ म्हणतात.

आपल्याकडे विहिरीची खोली परसांत सांगण्याची जुनी रीत आहे. पाचएक परस, म्हणजे सुमारे १० मीटर, खाली उतरले की समुद्राचे पाणी वातावरणाच्या दाबाइतकाच आणखी एक दाब शरीरावर घालते, आणि त्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात व मेदात नेहमीपेक्षा अधिक विरघळतो. सावकाश वर येणाऱ्याच्या शरीरातून तो फुप्फुसांवाटे निमूट निघून जातो. मात्र जो फार वेळ फार खोल राहिला, किंवा घाबरून एकदम वर आला, त्याच्या सांध्यांत, त्वचेत, क्वचित मज्जारज्जूतही त्याचे बुडबुडे धरतात. ब्रुकलिनच्या पुलाचे पाये नदीतळाशी दाबाच्या हवेने भरलेल्या पेट्यांत बसून खणले जात असता, १८७२ साली, शेकडाभर मजूर या दुखण्याने पीडित झाले, आणि खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग कायमचा अधू होऊन घराच्या खिडकीतून पुलाचे काम पाहू लागला. त्या मजुरांपैकी कित्येकांची दुखणी कामाच्या जागी नव्हे, तर वर येऊन काही वेळ लोटल्यावर सुरू होत. आणि आमच्या सांगण्याचा सारा गाभा याच एका बाबीत आहे.

कारण हे दुखणे समुद्रावर दिसेलच असे नाही. ते आपल्या घरी येऊन दिसू शकते, आणि आले की आपल्याच घरगुती नावांनी ओळखले जाते. तारकर्लीहून सायंकाळी निघालेल्या गाडीत मागच्या बाकावर बसलेला मुलगा घाट चढताना उजवा खांदा डाव्या हाताने दाबीत राहतो, हात वर केला तरी बरे वाटत नाही आणि खाली सोडला तरी नाही. शेजारचा म्हणतो, ‘टाकी उचलून उसण भरली असेल’, आणि बामची डबी पुढे करतो. पहाटे घरी उतरल्यावर त्याच्या पोटावर व दंडावर खाज सुटून निळसर-तांबडी जाळी उमटलेली आई पाहते, ‘पित्त उठलंय’ म्हणते आणि आमसुलाचे पाणी लावते. पायांना मुंग्या येतात त्या रात्रभर आखडून बसल्याच्या, भोवळ येते ती जागरणाची, अंग गळून जाते ते प्रवासाच्या शिणाचे. यातला प्रत्येक अंदाज एरवी खरा ठरला असता, म्हणूनच तो घातक आहे. ज्याने गेल्या दोन दिवसांत दाबाच्या हवेवर बुडी मारली आहे, त्याच्या उसणीला उसण, पित्ताला पित्त आणि मुंग्यांना मुंग्या समजून स्वस्थ बसू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

याहूनही तातडीची लक्षणे अशी, की पाय लटके पडणे किंवा चालताना तोल जाणे, लघवी अडणे, छातीत कळ येऊन कोरडा खोकला व धाप लागणे, बोलण्यात असंबद्धता येणे, दिसणे अंधुक होणे. ही दिसली तर घरी क्षणाचीही हयगय करू नये. लक्षणे बहुधा बुडीनंतरच्या पहिल्या सहा-आठ तासांत उमटतात, आणि २४ तासांत जवळजवळ सर्वांची उमटून जातात. तथापि मध्यंतरी विमानप्रवास किंवा उंचीवरचा प्रवास घडला तर ती नंतरही डोके वर काढतात. खाली उतरतानाच कान दुखला असेल तर ती निराळी बाब आहे. पण वर येताना श्वास रोखून धरल्यामुळे फुप्फुसास इजा झाली असेल, तर ती उथळ पाण्यातही होते आणि काही मिनिटांतच बेशुद्धी आणू शकते, हेही ध्यानात असावे.

उगाच भय पसरविण्याचा आमचा हेतू नाही. प्रशिक्षकाने हाताला धरून थोडा वेळ उथळ पाण्यात फिरवून आणलेल्या हौशी प्रवाशास या विकाराचा धोका अगदी अल्प आहे. परंतु हल्ली आपल्यातली काही मुले तारकर्लीच्या पर्यटन विकास महामंडळाच्या संस्थेत किंवा अन्यत्र रीतसर शिक्षण घेऊन १८ मीटरपर्यंतचा प्रारंभिक परवाना मिळवतात, दिवसाला दोन-तीन बुड्या मारतात, आणि रविवारची शेवटची बुडी आटोपून त्याच रात्री परतीची वाट धरतात. विमानाने परतायचे तर एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास, आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास, जमिनीवर थांबावे, असा पाणबुड्यांच्या वैद्यकाचा संकेत आहे. आपल्या मुलांना मोटारीतही चढणच लागते: आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे, आणि ‘जाता जाता’ महाबळेश्वर गाठणारे १,३५० मीटरांच्या आसपास जातात. म्हणून शेवटच्या बुडीनंतर एक मुक्काम किनाऱ्यावरच करावा, पाणी भरपूर प्यावे, मद्य वर्ज्य करावे. या एका मुक्कामाचा खर्च घरच्यांनी आनंदाने सोसावा.

शंका आलीच, तर रोग्यास आडवे निजवावे, शुद्धीवर असेल तर पाणी पाजावे, आणि १०८ क्रमांकावर खबर देऊन, ऑक्सिजनची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्यावे. मालिश करू नये, वेदनाशामक गोळी देऊन पहाटेची वाट पाहू नये, आणि पुन्हा पाण्यात उतरून बरे करण्याचा अविचार तर मुळीच करू नये. तोंडावर घट्ट बसणाऱ्या मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन हा पहिला उपचार होय. त्याने आराम पडला तरी दुखणे गेले असे समजू नये, कारण खरा इलाज दाबाच्या कोठडीत होतो, जिथे रोग्यास पुन्हा सुमारे १८ मीटर खोलीइतक्या दाबाखाली ठेवून काही तास ऑक्सिजन देतात. मुंबईस कुलाब्याच्या आय.एन.एच.एस. अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात अशा उपचाराची सोय आहे. तिथे किंवा अन्यत्र पाठविण्याची तजवीज डॉक्टरांनी करावयाची. त्यांना सल्ला हवा असेल तर १९८० साली स्थापन झालेली डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था चोवीस तास वैद्यकीय मार्गदर्शन करते.

आपल्या दोन्ही तालुक्यांतील डॉक्टरमंडळींसही एक विनंती आहे. हातपाय बधिर झालेला किंवा सांधा ठणकणारा तरुण रोगी समोर आला, तर ‘शेतात काम केलेस का, कारखान्यात वजन उचललेस का’ या नेहमीच्या प्रश्नांच्या जोडीस ‘समुद्रावर गेला होतास का’ हाही एक प्रश्न घालावा. समुद्रापासून इतक्या दूर बसलेल्या वैद्यास तो आपण होऊन सुचणे कठीण, आणि क्ष-किरणाच्या चित्रात तर बहुधा काहीच दिसत नाही.

म्हणून बुडी मारणाऱ्या प्रत्येकाने निघण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहून खिशात ठेवाव्यात: कोणत्या दिवशी किती बुड्या मारल्या, प्रत्येक बुडी किती मीटर खोल व किती मिनिटांची, शेवटच्या बुडीतून किती वाजता वर आलो, आणि वर येताना घाई झाली होती की काय. तो कागद कोणत्या खिशात आहे, हे बरोबरच्या एकास तरी सांगून ठेवावे.