ओवाळणीचे पुस्तक

गेल्या भाऊबीजेला माझ्या हातून एक चूक झाली. धाकट्या बहिणीकडे मांजरीला गेलो आणि ओवाळणी झाल्यावर भाचीच्या हातात एक जाडजूड, रंगीत पुस्तक ठेवले. पृथ्वी तापते आहे, बर्फ वितळते आहे, पांढरी अस्वले उपाशी मरताहेत, असा त्यातला मजकूर. चित्रे सुरेख होती. मुलीच्या ज्ञानात भर पडेल, म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

आठ दिवसांनी बहिणीचा फोन आला. "दादा, हे कसलं रे पुस्तक दिलंस? पोर रात्री दचकून उठते. आपण किती वर्षं जगणार, म्हणून विचारते. काय सांगू तिला?"

मला उत्तर सुचेना. पुस्तकात खोटे काहीच नव्हते. पण नऊ वर्षांच्या मुलीला जग बुडते आहे एवढेच आपण सांगितले, तिने काय करावे ते सांगितले नाही. ध्रुवावरच्या अस्वलासाठी ती पंखा बंद करून घामाघूम होत बसे!

म्हणून यंदा गणपतीत जाताना निराळे पुस्तक नेले. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र'. 1956 सालचे हे पुस्तक मुलांसाठी लिहिलेले नाही. एकेक महिना घ्यावा आणि त्याची झाडे, फुले, पाखरे डोळे भरून पाहावीत, अशी त्याची चाल. "हे तिला काय कळणार?" म्हणून बहिणीने नाक मुरडले. तोडगा अण्णांनी काढला. अण्णा म्हणजे तिचे सासरे. वय चौऱ्याऐंशी, दृष्टी अधू. नातीने वाचायचे आणि अडेल तिथे आजोबांनी सांगायचे, असे ठरले. चालू महिन्याचेच प्रकरण, रोज एक पान.

पानापानाला वाचन थांबू लागले. "आजोबा, हे झाड आपल्याकडे आहे?" मग दोघे काठी टेकत बाहेर. मुळा-मुठेच्या काठाला बाभळीवर लोंबणारी सुगरणीची घरटी, तारेवर बसलेला कोतवाल, वेडा राघू, खंड्या. भाचीच्या वहीत सतरा नावे जमली. अस्वलाची स्वप्ने पडायची केव्हा थांबली, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

परवा मी गेलो तेव्हा मेहुण्यांना रेचेल कार्सन या अमेरिकन बाईंच्या 'सायलेंट स्प्रिंग'विषयी सांगत होतो. हे पुस्तक 1962 सालचे. झाडांवर डीडीटी फवारले, ती पाने गळून मातीत गेली, गांडुळांनी खाल्ली, गांडुळे पाखरांनी खाल्ली, आणि वसंतात गाणारी पाखरेच उरली नाहीत. औषध कंपन्यांनी बाईंवर टीकेची झोड उठवली. पण 1972 मध्ये अमेरिकेने डीडीटीचा वापर जवळपास बंद केला. आपल्याकडे शेतीतला त्याचा वापर 1989 मध्ये थांबला.

कोपऱ्यातून अण्णा म्हणाले, "ती पावडर मी मारलीय. याच हातांनी, आपल्या द्राक्षबागेत."

सारे गप्प झाले. भाचीने विचारले, "मग पाखरं मेली, आजोबा?"

"पाहिलंच नाही गं. मी घडांकडे पाहत होतो."

अण्णांची बाग आता नाही. तिथे इमारती आहेत. 2021 मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेतच आले. पण द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र 1997 पासून मांजरीतच आहे, आणि निर्यातीच्या द्राक्षांत औषधांचा अंश किती उरला, हे तपासणारी राष्ट्रीय प्रयोगशाळाही तिथेच. कार्सनबाईंनी विचारलेला प्रश्न असा भाचीच्या घराशेजारीच येऊन राहिला आहे!

तेव्हा दिवाळीत पुस्तके घेणाऱ्या आईबापांना, मामा-आत्यांना माझे एवढेच सांगणे. पुस्तक मिटल्यावर मूल खिडकीशी जाते की पांघरुणात शिरते, ते पाहा. लहानग्यांसाठी डॉ. स्यूस यांचे 'द लोरॅक्स' (1971) आहे. सारी झाडे तोडून झाल्यावर शेवटचे बी एका मुलाच्या हाती येते. एकट्याने रान उभे करणाऱ्या धनगराची जाँ जिओनो या फ्रेंच लेखकाची गोष्ट (1953) वाचून दाखवा. जरा मोठ्यांना व्यंकटेश माडगूळकरांचे वानरटोळ्यांवरचे 'सत्तांतर' (1982) द्या, मारुती चितमपल्लींचे 'पक्षी जाय दिगंतरा' द्या. अस्वलाचे पुस्तकही टाकू नका. ते खरेच आहे. पंधराव्या वर्षी कामी येईल. आधी दारचे झाड ओळखीचे होऊ द्या. आणि मुलाला दिलेले पुस्तक स्वतःही वाचा. पाखरांकडे पाहायचे राहून गेले ते मुलांचे नव्हे, आपले.

भाचीने यंदाची फर्माईश कळवली आहे : "मामा, पुस्तक नको, दुर्बीण आण." अण्णांनी मात्र पुस्तकच मागितले आहे. कार्सनबाईंचे पुस्तक त्यांना माझ्या तोंडून, मराठीत, सबंध ऐकायचे आहे. दिवाळीच्या तीन-चार दुपारी जातील. मी हो म्हटले आहे.