विश्लेषण : महागडा ज्येष्ठ खेळाडू देऊन टाकणे बेसबॉल संघांना खरेच परवडते का?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये जुलै महिना उजाडला की दर वर्षी एका प्रश्नावर चर्चा रंगते. वय वाढलेला, कामगिरी उतरणीला लागलेला, पण गलेलठ्ठ करार असलेला खेळाडू संघात ठेवायचा की दुसऱ्या संघाला देऊन वेतनाचा भार हलका करायचा? बोस्टन रेड सॉक्स या नामांकित संघाने २०१२ ते २०२५ या काळात तीनदा असा मोठा भार उतरवला. पहिल्या वेळी पुढच्याच वर्षी विजेतेपद मिळाले. दुसऱ्या वेळी संघ तळाला गेला. तिसऱ्या सौद्याचा निकाल अजून लागायचा आहे. एकाच संघाच्या एकाच मार्गाचे परिणाम इतके वेगळे का झाले, याचा हा आढावा.

वेतनभार कमी करण्याचा सौदा म्हणजे काय?

बेसबॉलमध्ये खेळाडूचा करार ही हमी असते. दहा वर्षांचा करार केला, तर खेळाडू चौथ्या वर्षी लयीत नसला तरी ठरलेले पैसे द्यावेच लागतात. त्यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे तो खेळाडू करारासह दुसऱ्या संघाला देणे. उरलेल्या वर्षांचे वेतन मग नवा संघ देतो. मात्र कामगिरीच्या मानाने वेतन जास्त असेल, तर असा करार कुणी फुकटात उचलत नाही. मूळ संघाला काही वेतन स्वतःच्या खिशातून द्यावे लागते किंवा मोबदल्यात फारसे काही मागता येत नाही. कधी कधी तर सोबत एखादा चांगला खेळाडूही द्यावा लागतो. ‘पैसे वाचले’ या बातमीत ही किंमत अनेकदा झाकली जाते.

आयपीएलपेक्षा हे वेगळे कसे?

आयपीएलमध्ये प्रत्येक संघाच्या थैलीला ठरलेली मर्यादा असते. २०२५च्या महालिलावासाठी ती १२० कोटी रुपये होती. नोव्हेंबर २०२५मध्ये चेन्नई सुपर किंग्जने रवींद्र जडेजा आणि सॅम करन यांना राजस्थान रॉयल्सकडे देऊन संजू सॅमसनला घेतले. तेव्हा जडेजाचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आले. अशा व्यवहारात प्रत्येक कोटीचा हिशेब थैलीत दिसतो आणि मोकळी झालेली रक्कम लिलावात वापरता येते.

मेजर लीग बेसबॉलमध्ये अशी पक्की मर्यादा नाही आणि संघाने किमान इतका खर्च करावा, असे बंधनही नाही. तिथे आहे तो लक्झरी टॅक्स. २०२६साठी त्याची पहिली पातळी २४ कोटी ४० लाख डॉलर आहे. संघाचा वेतनखर्च तिच्या वर गेला, तर वरच्या रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० टक्के आणि तिसऱ्या वर्षापासून ५० टक्के कर बसतो. खर्च फारच वाढला तर अधिभार वेगळा. एक वर्ष पातळीच्या खाली राहिले की दर पुन्हा २० टक्क्यांवर येतो.

समजा एखादा संघ सलग तिसऱ्या वर्षी या पातळीच्या दोन कोटी डॉलर वर आहे आणि तेवढेच वेतन घेणारा एक ज्येष्ठ खेळाडू त्याच्याकडे आहे. त्याला पूर्ण वेतनासह दुसरीकडे पाठवले, तर वेतनाचे दोन कोटी आणि कराचा एक कोटी असे तीन कोटी डॉलर वाचतात. त्याच्या जागी किमान वेतनाचा तरुण आणला, तर २०२६मध्ये त्याला द्यावे लागतात केवळ ७ लाख ८० हजार डॉलर. व्यवस्थापनाला मोह का पडतो, हे या आकड्यांवरून कळते. मात्र वाचलेले पैसे खेळाडूंवरच खर्च करायला संघमालक बांधील नसतो, हेही लक्षात घ्यायला हवे.

२०१२मध्ये बोस्टनने काय साधले?

ऑगस्ट २०१२मध्ये बोस्टनने एड्रियन गोन्झालेझ, कार्ल क्रॉफर्ड, जॉश बेकेट आणि निक पुंटो या चौघांना लॉस एंजेलिस डॉजर्सकडे पाठवले. या सौद्यात सुमारे २६ कोटी डॉलरची देणी बोस्टनच्या वहीतून पुसली गेली. क्रॉफर्डच्या कोपरावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती आणि बेकेटची धार कमी झाली होती. डॉजर्सला खरा रस होता तो गोन्झालेझमध्ये. त्याच्यासाठी त्यांनी बाकीचे करारही स्वीकारले. त्या मोसमात बोस्टनने १६२पैकी ९३ सामने गमावले आणि गटात शेवटचे स्थान मिळवले.

यानंतर बोस्टनने एकाच महातारकाच्या मागे न धावता मोकळे झालेले पैसे अनेक खेळाडूंमध्ये वाटले. शेन व्हिक्टोरिनोशी तीन वर्षांसाठी ३ कोटी ९० लाख डॉलरचा करार झाला. माइक नेपोली आणि जपानचा पिचर कोजी उएहारा तर तुलनेने फारच स्वस्तात आले. २०१३मध्ये ९७ सामने जिंकून बोस्टनने वर्ल्ड सिरीजही जिंकली. अंतिम फेरीत पोहोचवणाऱ्या मालिकेचा मानकरी उएहारा ठरला, तर वर्ल्ड सिरीजच्या निर्णायक सामन्यात व्हिक्टोरिनोच्या फटक्याने तीन धावा मिळाल्या. डॉजर्सचेही नुकसान झाले नाही. त्यांना गोन्झालेझकडून पुढची काही वर्षे भरघोस धावा मिळाल्या.

मग २०२०मध्ये काय बिनसले?

बोस्टनने २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे लक्झरी टॅक्स भरला होता. २०२०साठी पहिली पातळी २० कोटी ८० लाख डॉलर होती आणि खर्च तिच्याखाली आणण्याची गरज मालक जॉन हेन्री यांनी उघडपणे बोलून दाखवली होती. लिव्हरपूल फुटबॉल क्लबही याच हेन्री यांच्या समूहाच्या मालकीचा आहे. ३४ वर्षांचा पिचर डेव्हिड प्राइस याचे तीन वर्षांचे ९ कोटी ६० लाख डॉलर देणे बाकी होते. दुखापतींमुळे तो पूर्वीचा राहिला नव्हता. बोस्टनला नको असलेला महागडा ज्येष्ठ खेळाडू खरे तर हाच होता.

पण एकट्या प्राइससाठी चांगला सौदा मिळणे अवघड होते. फेब्रुवारी २०२०मध्ये त्याच्यासोबत मुकी बेट्सलाही डॉजर्सकडे देण्यात आले. बेट्स तेव्हा २७ वर्षांचा होता आणि २०१८मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. एवढे करूनही प्राइसचे निम्मे वेतन, म्हणजे ४ कोटी ८० लाख डॉलर, बोस्टनच्याच माथी राहिले. बदल्यात ॲलेक्स व्हर्दुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग हे तीन तरुण मिळाले. डाउन्स बोस्टनसाठी जेमतेम १४ सामने खेळला. व्हर्दुगोला संघाने २०२३च्या अखेरीस पारंपरिक प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क यांकीजकडे पाठवले. संघात पाय रोवले ते यष्टिरक्षकासारखी जबाबदारी सांभाळणाऱ्या वाँगने.

डॉजर्सने त्याच जुलैमध्ये बेट्सशी १२ वर्षांसाठी ३६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला आणि २०२०, २०२४ व २०२५मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. बोस्टन २०२०, २०२२ आणि २०२३मध्ये गटात तळाला राहिले. मधल्या २०२१मध्ये त्यांनी अंतिम फेरीच्या उंबरठ्यापर्यंत मजल मारली, हे नोंदवायला हवे. पण ज्या करासाठी बेट्सला सोडले, तो कर २०२२मध्ये पुन्हा भरावा लागला, तोही तळाला राहून.

चूक नेमकी कुठे झाली?

बोस्टनच्या बाजूने सांगण्यासारखे मुद्दे आहेत. बेट्सचा करार २०२०च्या अखेरीस संपणार होता आणि तो संघ सोडून गेला असता, तर फारसे काही हाती लागले नसते. प्राइसबाबतचा अंदाजही बरोबर ठरला. तो २०२०मध्ये खेळला नाही आणि नंतरची दोन वर्षे दुय्यम भूमिकेत राहून थांबला. मात्र ज्येष्ठ खेळाडूचे देणे फेडण्यासाठी बोस्टनने भर उमेदीतला खेळाडू मोडीत काढला. बेट्सला एकट्याने दिले असते, तर अधिक चांगले तरुण मागता आले असते. ती घासाघीस करण्याची ताकद प्राइसचे निम्मे वेतन वाचवण्यात खर्ची पडली.

२०१२च्या सौद्याचा साचाही असाच होता. चांगल्या खेळाडूच्या बळावर नकोसे करार खपवले गेले. पण गोन्झालेझ तेव्हा तिशीचा होता आणि त्याच्या कराराची सहा वर्षे बाकी होती. बहुतेक खेळाडूंची कामगिरी तिशीनंतर उतरू लागते. त्यामुळे त्याला देण्यात बोस्टनची जोखीम कमी होती. शिवाय वाचलेले पैसे लगेच मैदानावर दिसले.

जून २०२५मध्ये बोस्टनने रफाएल डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे पाठवले. तोही २८ वर्षांचाच होता. १० वर्षांच्या ३१ कोटी ३५ लाख डॉलरच्या कराराचा उरलेला सगळा भार जायंट्सने उचलला. त्याला कोणत्या जागी खेळवायचे, यावरून संघाशी झालेला वादही या निर्णयामागे होता. त्या वर्षी बोस्टनने बाद फेरी गाठली, जायंट्सला ती गाठता आली नाही. पण करार २०३३पर्यंतचा आहे. एका मोसमावरून निकाल देणे घाईचे ठरेल.

पैसे देऊन गुणवत्ता विकत घेता येते?

येते. हा व्यवहार उलट दिशेनेही चालतो. २०२३च्या मध्यात न्यूयॉर्क मेट्सने ३९ वर्षांचा पिचर मॅक्स शेर्झर टेक्सास रेंजर्सला दिला. त्याच्या उरलेल्या वेतनापैकी सुमारे साडेतीन कोटी डॉलर मेट्सनेच भरले आणि त्यामुळेच लुइसआंहेल अकुन्या हा होतकरू खेळाडू त्यांना मिळाला. टेक्सासने त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. म्हणजे ज्येष्ठ खेळाडू देताना वेतनातून सुटका हवी की गुणवत्ता, हे निवडावे लागते. दोन्ही पूर्णपणे मिळत नाहीत.

कोलोरॅडो रॉकीजला तर दोन्हींपैकी काहीच धड मिळाले नाही. २०२१च्या सुरुवातीला त्यांनी तिसऱ्या बेसवरचा अव्वल क्षेत्ररक्षक नोलन एरेनाडो सेंट लुइस कार्डिनल्सला दिला, वर जवळपास ५ कोटी डॉलर मोजले आणि आलेल्या पाच जणांपैकी कुणीही त्याची जागा भरू शकला नाही. रॉकीजने २०२३मध्ये १०३, २०२४मध्ये १०१ आणि २०२५मध्ये ११९ सामने गमावले. एरेनाडो मात्र २०२२मध्ये नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तिसरा आला.

या सगळ्यात खेळाडूचे म्हणणे कोण ऐकते?

एके काळी कुणीच ऐकत नसे. १९६९मध्ये कार्डिनल्सने कर्ट फ्लड याला परस्पर फिलाडेल्फियाला पाठवले. १२ मोसम एका शहरात काढलेल्या फ्लडने जायला नकार दिला आणि न्यायालयात धाव घेतली. १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५-३ असा हरला. पण त्याच्या लढ्यामुळे हवा बदलली. पुढच्याच वर्षी नवा नियम आला. लीगमध्ये १० वर्षे आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे पाठवता येत नाही. काही जण करारातच असा नकाराधिकार मिळवतात. याच अधिकाराच्या जोरावर एरेनाडोने डिसेंबर २०२४मध्ये ह्युस्टनला जाणे नाकारले. त्यामुळे ज्येष्ठ खेळाडू दुसरीकडे पाठवायचा, तर फक्त हिशेब जुळून भागत नाही. त्याचे मनही वळवावे लागते आणि त्याला पसंत असलेले मोजके संघ ही संधी ओळखून भाव पाडतात.

मग द्यावा की ठेवावा?

निर्णयापूर्वी तीन गोष्टी तपासायला हव्यात. पहिली, उरलेल्या वर्षांत खेळाडू त्याच्या वेतनाइतकी कामगिरी करील का? इथे मागच्या पराक्रमाचा हिशेब उपयोगाचा नाही. दुसरी, त्याला घालवण्यासाठी सोबत काय द्यावे लागते आहे? तरुण तारा द्यावा लागत असेल, तर जुना करार सोसलेला बरा, कारण तो कधी ना कधी संपतोच. तिसरी, वाचलेला डॉलर पुढे कुठे जाणार आहे? नवे खेळाडू, प्रशिक्षण किंवा तरुणांची जडणघडण यासाठी तो जाणार असेल, तर ज्येष्ठ खेळाडूला निरोप देण्यात शहाणपण आहे. तो केवळ ताळेबंदात शिल्लक म्हणून राहणार असेल, तर फायदा मालकाचा आणि तोटा तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाचा. म्हणूनच अशा सौद्यानंतर किती वाचले यापेक्षा त्यातून काय घेणार, हे संघांनी चाहत्यांना सांगायला हवे.

हा प्रश्न आता आणखी तापणार आहे. संघमालक आणि खेळाडू संघटना यांच्यातील सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. वेतनावर पक्की मर्यादा हवी, असा मालकांच्या गोटातील सूर आहे आणि संघटनेचा त्याला जुना विरोध आहे. याच मुद्द्यावर १९९४मध्ये संप झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द करावी लागली होती. मर्यादा आलीच, तर वेतनाचा भार उतरवण्याचे सौदे वाढतील. अशा वेळी किमान खर्चाची अटही सोबत हवी. नाही तर ज्येष्ठ खेळाडू जातील, पैसे वाचतील आणि मैदानावर त्यांच्या बदल्यात काहीच दिसणार नाही.