राउंडअबाउटजवळचा रस्ता रुंद करावा का?



गेल्या दिवाळीत या सदरात आपण घरातली ऊब कशी टिकवावी याबद्दल बोललो होतो. यंदाचा विषय दाराबाहेरचा आहे आणि तो तुम्हीच सुचवला आहे. वर्षभरात मंडळाच्या कार्यक्रमांत चहाच्या टेबलाशी मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा: "सर, कौन्सिलचं पत्रक आलंय. राउंडअबाउटजवळचा रस्ता रुंद करणार म्हणतात. हो म्हणायचं की नाही?"

विचारणाऱ्यांची गावं वेगवेगळी, प्रश्न मात्र एकच. जे रोज सकाळी आठ वाजता त्या रांगेत गाडी घेऊन उभे असतात, त्यांना यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. जे त्या रस्त्यावर राहतात, पायी दुकानात किंवा डॉक्टरकडे जातात, त्यांना धास्ती वाटते. एकाच घरात मुलगा 'हो' म्हणतो आणि आई 'नाही' म्हणते, असंही मी पाहिलं आहे. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. वाहतूक अभियांत्रिकी शिकवण्यात माझा जन्म गेला, तेव्हा वर्गात सांगायचो तसंच तुम्हालाही सांगतो. उत्तर शेवटी देईनच, पण आधी थोडा अभ्यास.

राउंडअबाउट आपल्याला इतका अंगवळणी पडला आहे की तो मुळात चालतो कसा, याचा आपण विचार करत नाही. ब्रिटनमधला पहिला राउंडअबाउट लेचवर्थ गावात साधारण १९०९ साली झाला. पुढची पन्नास-साठ वर्षं मात्र आधी कोणी जायचं याचा सगळीकडे लागू होणारा नियमच नव्हता. आत शिरणारे शिरत राहायचे, वर्तुळ गच्च भरायचं आणि आतल्यांना बाहेर पडता यायचं नाही. पुण्या-मुंबईच्या चौकात वाढलेल्यांना हे दृश्य समजावून सांगायला नको. १९६६ साली नियम आला: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. रस्त्याची एक वीटही न हलवता त्याच चौकांमधून जास्त गाड्या जाऊ लागल्या, कारण वर्तुळ आता अडकत नव्हतं.

या कामामागे सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेतले फ्रँक ब्लॅकमोर यांचा मोठा हात होता. छोटा, रंगाने रेखलेला मिनी राउंडअबाउट हीसुद्धा त्यांचीच कल्पना. स्विंडनचा 'मॅजिक राउंडअबाउट' तुमच्यापैकी अनेकांनी जीव मुठीत धरून पार केला असेल. मधल्या वर्तुळाभोवती पाच छोटी वर्तुळं, आणि मधल्या वर्तुळात गाड्या उलट्या दिशेने फिरतात! १९७२ साली तो झाला आणि आजही काम देतो आहे. कोंडीवर रुंदीखेरीज दुसरेही उपाय असतात, हे त्यावरून ध्यानात घ्या.

आता रुंदीकडे येऊ. तुमच्या घराजवळच्या रस्त्यावर अर्धा मैल रांग लागते, म्हणून रस्ता अरुंद आहे असं आपल्याला वाटतं. पण ती रांग जिथे दिसते तिथे तयार होत नाही. ती तयार होते राउंडअबाउटच्या तोंडाशी, जिथे जमिनीवर तुटक रेघ असते आणि आपण उजवीकडे बघत थांबतो. नरसाळ्याचा वरचा भाग कितीही मोठा केला तरी तेल उतरणार खालच्या नळीतूनच. मागचा अर्धा मैल रस्ता दुपदरी केला आणि तोंड तसंच ठेवलं, तर अर्ध्या मैलाची एक रांग जाऊन पाव मैलाच्या दोन रांगा होतील. तुमचा वेळ तेवढाच जाईल, फक्त शेजारी बघायला एक गाडी असेल.

याचं गणितही उपलब्ध आहे. १९८० साली त्याच प्रयोगशाळेतल्या किंबर यांनी प्रत्यक्ष मोजण्यांवरून एक सूत्र मांडलं. इथले अभियंते आजही ते वापरतात. त्याचा सारांश असा: वर्तुळ अगदी रिकामं असेल, तर तोंडाच्या रुंदीच्या प्रत्येक मीटरमागे ताशी साधारण ३०० गाड्या आत शिरू शकतात. म्हणजे एका लेनमधून सुमारे ११००. पण वर्तुळ रिकामं कधी असतं? तुमच्यासमोरून ताशी १००० गाड्या फिरत असतील, तर मध्यम आकाराच्या राउंडअबाउटवर तीच लेन ६०० च्या आसपासच गाड्या सोडते. उरलेल्या गाड्या म्हणजे तुमची रांग.

त्याच सूत्रातून एक कामाची गोष्ट निघते. सगळा रस्ता दोन लेनचा न करता शेवटच्या ३० मीटरभर दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतील एवढीच जागा केली, तर तोंडाच्या कामगिरी-रुंदीत पूर्ण रुंदीकरणाने जेवढी भर पडते तिच्यातली सुमारे ७० टक्के या तुकड्यातूनच मिळते. ३० मीटर म्हणजे पाच-सहा गाड्यांची लांबी. बाकीच्या अर्ध्या मैलावरची झाडं, घरांपुढच्या बागा आणि पदपथ यांना हात लावायची गरज पडत नाही. म्हणून 'रस्ता रुंद करणार' असं ऐकलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: कुठे, आणि किती लांबीपर्यंत?

आता दुसरी बाजू. समजा तोंड रुंद केलं, गाड्या भराभर आत गेल्या. पुढे त्या बाहेर कुठे पडणार? पुढच्या सिग्नलपाशी जर आधीच रांग असेल, तर ती मागे सरकत राउंडअबाउटमध्ये येईल आणि १९६६ पूर्वीसारखं वर्तुळ अडकेल. मग चारही दिशांचे लोक ताटकळत बसतील. तोंड रुंद केल्याने वेगही वाढतो, आणि पायी ओलांडणाऱ्याला एकाऐवजी दोन लेन पार कराव्या लागतात. पंचाहत्तरीच्या माणसाला, किंवा बाबागाडी घेऊन निघालेल्या आईला, हा फरक फार मोठा असतो. तोंड रुंद केलं की अपघातांचा धोका वाढतो, हेही या देशातल्या अभ्यासांत दिसलं आहे. डच लोक म्हणूनच राउंडअबाउटची तोंडं मुद्दाम अरुंद ठेवतात. त्या धर्तीवरचा, पादचारी आणि सायकलस्वारांना आधी जाऊ देणारा या देशातला पहिला राउंडअबाउट केंब्रिजच्या फेंडन रोडवर २०२० साली खुला झाला. कधी गेलात तर तिथे पाच मिनिटं उभे राहून बघा.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वादाची. रस्ता रुंद झाला की रहदारी वाढते. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ सालीच हे मांडलं होतं. ब्रिटिश सरकारच्या सल्लागार समितीने १९९४ साली नव्या रस्त्यांमुळे नवी रहदारी तयार होते हे अधिकृतपणे मान्य केलं. २०११ साली ड्युरांटन आणि टर्नर यांनी अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासली: मोठ्या महामार्गांच्या लेन १० टक्के वाढल्या की गाड्यांचा एकूण प्रवासही जवळपास १० टक्केच वाढतो. लंडनभोवतीचा एम-२५ हे आपल्या रोजच्या अनुभवातलं उदाहरण. १९८६ साली तो पूर्ण झाला, पुढे टप्प्याटप्प्याने रुंद होत गेला, हीथ्रोजवळ तर एका पट्ट्यात बारा लेन झाल्या. विमान पकडायला निघताना आपण तरीही तासभर हाताशी ठेवतोच ना?

हे कसं होतं? रस्ता मोकळा झाला असं कळलं की कालपर्यंत साडेनऊला निघणारा साडेआठला निघतो. बसने जाणारा गाडी काढतो. मागच्या गल्लीतून जाणारा मुख्य रस्त्यावर येतो. यात कोणाची लबाडी नाही. रांगेची भीती होती म्हणून जी माणसं थांबली होती, ती आता निघतात.

यावरून 'कधीच काही रुंद करू नये' असा निष्कर्ष काढू नका. एखादं तोंड खरोखरच कोंडलेलं असतं आणि ते मोकळं केल्याने वर्षानुवर्षं फायदा होतो. सरेमध्ये विस्लीच्या बागेजवळ एम-२५ च्या दहाव्या जंक्शनवरचा राउंडअबाउट मोठा करण्याचं काम याच हेतूने हाती घेतलं गेलं. त्यासाठी मार्च २०२४ मध्ये एका शनिवार-रविवारी एम-२५ नियोजन करून दिवसाढवळ्या बंद ठेवावा लागला, त्याच्या इतिहासात पहिल्यांदाच. एवढा उपद्व्याप करायचा, तर त्यामागचा हिशेबही तेवढाच पक्का हवा.

हिशेब चुकला की काय होतं ते आपल्या पुण्यात दिसलं. विद्यापीठ चौकातली कोंडी फोडण्यासाठी बांधलेले उड्डाणपूल दीड दशकाच्या आतच, २०२० साली, पाडावे लागले, कारण मेट्रो आणि नव्या दुमजली पुलाच्या वाटेत ते येत होते. गणेशखिंड रस्त्याच्या रुंदीकरणात जुन्या झाडांवरून वाद झाला तो वेगळाच. पूल पाडून पुन्हा बांधता येतो. वड तसा बांधता येत नाही.

एक साधं निरीक्षण तुम्हा सगळ्यांचंच आहे. शाळांना हाफ-टर्मची सुट्टी लागली की तीच रांग नाहीशी होते. त्या आठवड्यात रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या गायब होत नाहीत, थोड्याच कमी होतात. पण रस्ता काठोकाठ भरलेला असताना शेवटच्या थोड्या गाड्याच रांग लावतात. म्हणजे दर दहा गाड्यांतली एक जरी कमी झाली, मुलं चालत शाळेत गेली, बस वेळेवर धावली, तर फावड्याला हात न लावता बराच फरक पडतो. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमालाही एका घरातून दोन-दोन गाड्या येतात, हे जाता जाता सांगतो. रागावू नका.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. पत्रक हातात घ्या आणि कौन्सिलला हे पाच प्रश्न लेखी विचारा.

एक, रुंदीकरण तोंडाशी आहे की सगळ्या रस्त्यावर? फक्त तोंडाशी केलं तर किती फायदा होतो, हे तपासलं का?

दोन, पुढच्या जंक्शनची क्षमता मोजली का?

तीन, गाड्यांची मोजणी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी केली? शाळेच्या सुट्टीत तर नाही ना?

चार, रस्ता खुला झाल्यावर पंधरा वर्षांनी रांग किती असेल? हा अंदाज त्यांच्याकडे असायला हवा. वाढणारी रहदारी त्यात धरली आहे का, हे पाहा.

पाच, पायी जाणाऱ्याने रस्ता कुठे ओलांडायचा, आणि त्याला किती वेळ थांबावं लागेल?

तोंडाशी थोडं रुंदीकरण आणि शेजारी सुरक्षित क्रॉसिंग, असा प्रस्ताव असेल तर माझं मत विचाराल तर 'हो' म्हणा. अर्धा मैल रस्ता सरसकट रुंद करायचा, झाडं आणि पदपथ कापायचे आणि क्रॉसिंगबद्दल चकार शब्द नाही, असं असेल तर ठामपणे 'नाही' म्हणा, आणि का ते लिहा. नुसत्या सहीपेक्षा कारणांसह लिहिलेल्या पत्राचं वजन जास्त असतं.

तरुण वाचकांना एक विनंती. तुमचे आई-वडील या रस्त्यावरून रोज चालतात. कुठे गाडी अंगावर येते, कुठे पाणी साचतं, हिवाळ्यात चारनंतर कुठे दिसत नाही, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं, पण इंग्रजीतला तो लांबलचक फॉर्म बघून ते तो बाजूला ठेवतात. या दिवाळीत फराळ झाल्यावर अर्धा तास त्यांच्याबरोबर बसा. त्यांनी सांगायचं, तुम्ही लिहायचं. शेवटची तारीख उलटली की मग कितीही चांगलं पत्र लिहिलं तरी उपयोग नाही, तेव्हा आधी तारीख बघा.

पुढच्या दिवाळीत भेटूच. तोवर उजवीकडे बघा, आणि सावकाश चला.